बुद्धिवादी नटाचे कोडे

नटाविषयी लिहावयास बसले म्हणजे टीकाकाराची मोठी पंचाईत होते. ग्रंथकाराचा ग्रंथ कपाटात असतो, चित्रकाराचे चित्र भिंतीवर असते. नटाची कृती मात्र पडदा पडताच नाहीशी होते, आणि मागे उरतात त्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी व वर्तमानपत्रांतील स्तुतिस्तोत्रे. चित्रपटाने ही अडचण दूर केली असे म्हणतात, पण ती अर्धीच दूर झाली आहे. डॉ. श्रीराम लागू यांच्या बाबतीत तर ती दुप्पट झाली आहे. कारण त्यांचे उत्तमोत्तम काम रंगभूमीवर झाले, आणि पाहावयास शिल्लक राहिलेले बहुतेक काम चित्रपटांतील आहे. ज्यांनी त्यांस केवळ हिंदी चित्रपटांत नायिकेचा पिता म्हणून पाहिले, त्यांस आमच्या या लेखातील उत्साह अनाठायी वाटेल. ज्यांनी 'नटसम्राट' पाहिले, त्यांस तो अपुरा वाटेल. दोघांचीही तक्रार आम्ही आगाऊच मान्य करून ठेवतो.

लागूंवर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, त्यांचा अभिनय बुद्धीने केलेला आहे. तो पटतो, पण हलवीत नाही. दुसरा असा की, ज्या गृहस्थाने 'देवाला रिटायर करा' असे जाहीरपणे लिहिले, त्याच्या मुखातून श्रद्धेचे, करुणेचे, पश्चात्तापाचे शब्द निघाले तरी ते उसनेच असावयाचे. हे दोन्ही आक्षेप वरवर पाहता निराळे दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. बुद्धी आणि भावना या सवती असून एकीने घरात पाऊल टाकले की दुसरीने माहेरी जावे, ही ती समजूत होय. आमच्या सुशिक्षित घरांतून ती इतकी खोल रुजली आहे की, मुलगा तर्कट निघाला तर त्याला गाणे आवडणार नाही असे आई गृहीत धरते. लागूंच्या चरित्राकडे आम्ही वळलो ते या समजुतीचा निकाल लावण्यासाठी.

लागूंचा जन्म साताऱ्यास १६ नोव्हेंबर १९२७ रोजी झाला व मृत्यू पुण्यास १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी झाला. सातारकरांस त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावयास हरकत नाही. मात्र त्यांचे शिक्षण पुण्यास झाले, वैद्यकी पुण्यास शिकले, आणि नाटकाचे वेडही पुण्यासच जडले. जन्मगावाच्या हिशेबात केवळ जन्माची नोंद धरावयाची तर गोष्ट येथेच संपली. पण कृष्णाकाठचा हा टापू, म्हणजे आजचे सातारा व सांगली हे दोन जिल्हे, लागूंच्या दोन्ही वेडांचे माहेर आहे, आणि ते कसे हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केले, हे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. त्या घटनेच्या शतसांवत्सरिकाचा उत्सवही १९४३ साली सांगलीतच झाला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे गाव यांपैकी कोणतेच नव्हे. ते गाव म्हणजे कऱ्हाडजवळचे टेंभू. १८५६ साली तेथे गोपाळ गणेश आगरकर जन्मले. आगरकर म्हटले की आपल्यापुढे सुधारक उभा राहतो. कोरडा, कडक, रूढीवर आसूड ओढणारा आणि जितेपणी आपली प्रेतयात्रा पाहिलेला. पण याच आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने मराठी केले, व १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. शीर्षकातील पहिलाच शब्द 'विकार' आहे हे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या बुद्धिवाद्याने भाषांतरासाठी निवडले ते तर्कशास्त्राचे पुस्तक नव्हे. विकारांनी पोखरलेल्या एका राजपुत्राची शोकांतिका त्याने निवडली. पुढे ते नाटक रंगभूमीवर गाजविले ते शाहूनगरवासी मंडळींनी, आणि शाहूनगर हे साताऱ्याचेच दुसरे नाव होय. त्या मंडळीतील गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट ज्यांनी पाहिला, ते तो जन्मभर सांगत राहिले.

त्यानंतर मात्र ही दोन्ही घराणी विभक्त झाली. रंगभूमी गाण्याच्या मागे गेली. ते गाणे इतके गोड होते की तिला दोष देण्याचा धीर आम्हांस होत नाही. बुद्धिवाद निबंधांत व मासिकांत जाऊन राहिला. त्याचेही एक मोठे बिऱ्हाड सांगली जिल्ह्यातच होते: किर्लोस्करवाडीस १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'मधून वाढलेल्या 'किर्लोस्कर' मासिकाने विज्ञाननिष्ठेचा पाठ दोन पिढ्यांस दिला. पण 'किर्लोस्कर' वाचणारा गृहस्थ संध्याकाळी नाटकास जाताना आपली बुद्धी कपड्यांच्या खुंटीस अडकवूनच जात असे. विभक्त झालेली ही दोन घरे पुन्हा एका छपराखाली आली ती लागूंच्या ठायी, असे आमचे मत आहे.

लागू कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य होते. पुढे ज्याचा आवाज महाराष्ट्रात कोणीही डोळे मिटून ओळखावा, त्याने तारुण्य लोकांच्या घशांत डोकावण्यात घालवावे, या योगायोगाची आम्हांस नेहमी मौज वाटते. भालबा केळकर आदी मंडळींबरोबर १९५१ साली त्यांनी पुण्यास प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन काढली. कॅनडा व इंग्लंड येथे पुढील शिक्षण घेतले, पुण्यास दवाखाना चालविला, आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथे वैद्यकी केली. आणि मुंबईच्या 'रंगायन'मध्येही कामे केली. १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास, 'इथे ओशाळला मृत्यू' या कानेटकरांच्या नाटकाने ते पूर्ण वेळ नट झाले. या वयात मध्यमवर्गी मनुष्य घराचे हप्ते व मुलीचे लग्न यांचा हिशेब करू लागतो. चालता धंदा सोडून तोंडाला रंग फासण्यास निघालेल्या डॉक्टराकडे शेजाऱ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, हे वाचकांनीच आपल्या शेजाऱ्यांवरून ताडावे.

पुढचे वर्ष १९७० हे त्यांच्या कलाजीवनाचे माथे होय. एकाच वर्षात त्यांनी तेंडुलकरांच्या 'गिधाडे'मधील रमाकांत उभा केला व शिरवाडकरांचा अप्पा बेलवलकरही. एक नाटक असे की, ते पाहून कुटुंबवत्सल प्रेक्षक खुर्चीत अवघडून बसावा. दुसरे असे की, त्याने घरी जाऊन म्हाताऱ्या वडिलांच्या पायांवर डोके ठेवावे. 'गिधाडे' त्यांनी दिग्दर्शितही केले. त्यातील बहिणीच्या लुगड्यावरील रक्ताच्या डागास परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा तो डाग निळा करण्यात आला व प्रेक्षकांस प्रयोगाआधी सांगण्यात आले की, हा लाल समजावा. या एका युक्तीत आम्हांस सारे लागू दिसतात. हुकूम पाळावयाचा, परंतु हुकमाचा वेडगळपणा चार लोकांपुढे सरळ, शांत आवाजात मांडावयाचा. आरडाओरडा केला असता तर डागाचे भांडण झाले असते. निळा डाग लाल समजा असे सांगितल्यावर तो लाल डागापेक्षाही लाल दिसू लागतो.

आता 'नटसम्राट'. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईस धी गोवा हिंदु असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग केला. नाटकाचे बीज 'किंग लिअर'चे, हे सर्वश्रुत आहे. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर आपले सर्व मुलांस वाटून देतो, मुलाच्या व मुलीच्या घरून अपमानित होऊन बाहेर पडतो, आणि रस्त्यावर येतो. गणपतराव हे नाव शिरवाडकरांनी का ठेवले असेल? साताऱ्याच्या शाहूनगरवासी मंडळींचा हॅम्लेट त्यांच्या मनात असावा असे आम्हांस वाटते. हा आमचा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

या नाटकाविषयी स्पष्ट बोलण्याची चाल आपल्याकडे नाही. ते थोर आहे असे म्हणून डोळे पुसावयाचे, इतकेच आपण करतो. पण संहिता हाती घेऊन शांतपणे वाचली असता तिच्यात एक मोठा धोका आढळतो. कवीने लिहिलेले हे गद्य आहे. ते भरजरी आहे, आणि भरजरी वस्त्राप्रमाणे ते अंगावर घेताच मनुष्य आरशाकडे जातो. कच्च्या नटाच्या हाती त्याचे पाठांतर होते. भावुक नटाच्या हाती त्याचा विलाप होतो; म्हातारा सर्वस्वी निर्दोष, मुले सर्वस्वी कृतघ्न, आणि प्रेक्षक सर्वस्वी ओलाचिंब. लागूंच्या प्रयोगाचे जे अंश ध्वनिमुद्रित वा चित्रमुद्रित होऊन उरले आहेत, ते ऐकताना व पाहताना निराळाच अनुभव येतो. ते वाक्याचा अर्थ आधी बांधतात व मग त्यात आवाज भरतात. स्वगतातील प्रश्न ते खरोखर प्रश्न म्हणून विचारतात. उत्तर ठाऊक नसल्यासारखे थांबतात. आणि मुख्य म्हणजे हा बेलवलकर थोडासा असह्य मनुष्य आहे हे ते लपवीत नाहीत. ज्याने चाळीस वर्षे राजे रंगविले तो घरातही सिंहासन सोडीत नाही; सुनेच्या संसारात मोठमोठ्याने बोलतो, नातीला आपल्यासारखे बोलावयास शिकवितो, आणि त्याचा कोणास त्रास होत असेल ही शंकाही त्याला शिवत नाही. असा म्हातारा ज्यांच्या घरी आहे, त्या वाचकांस आमचे म्हणणे चटकन कळेल. लागूंनी म्हाताऱ्याची बाजू घेतली. परंतु खटल्याचे दोन्ही कागद प्रेक्षकांपुढे ठेवून घेतली. म्हणूनच त्याची दुर्दशा अधिक सोसवत नाही. निर्दोषाचे दुःख पाहून दया येते. आपल्यासारख्याच चुका करणाऱ्याचे दुःख पाहून भीती वाटते, आणि शोकांतिकेस दया पुरत नाही, भीती लागते.

बुद्धीने केलेला अभिनय हलवीत नाही, या आक्षेपास आमचे उत्तर येथेच आहे. ज्या प्रेक्षागृहांत सुशिक्षित, संयमी, हसतानाही तोंडावर हात धरणारी माणसे हुंदके देऊन रडली, त्या प्रेक्षागृहांस कोणी बुद्धीचे प्रमेय सोडवून दाखवीत नव्हते. ती रडली, कारण नट स्वतः आधी रडून मोकळा झाला नव्हता.

रंगभूमीवरील त्यांच्या इतर कामांचा आढावा घेण्यास ही जागा पुरणार नाही. 'हिमालयाची सावली' मोठे होते, व त्याची कीर्तीही पुष्कळ झाली आहे. एका नाटकाचा मात्र उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, ते गो. पु. देशपांडे यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा' (१९७४). गो. पु. वाढले ते सातारा जिल्ह्यातील रहिमतपुरास. एक प्राध्यापक, त्याची चौकशी करणारी समिती, आणि प्रश्नोत्तरे. यात ना प्रसंग, ना रंग, ना गाणे. कागदावर हे नाटक म्हणजे लांबलेला इतिवृत्तान्त आहे. त्यातून मनुष्याच्या निष्ठेची पडझड उभी करावयाची तर विचार करणे हीच क्रिया रंगमंचावर दाखविता आली पाहिजे. लागूंना ती दाखविता येत असे. मराठी रंगभूमीस त्यांनी दिलेली ही नवी गोष्ट होय. रडणारी, गर्जणारी, गाणारी माणसे आपल्या रंगभूमीवर विपुल झाली, विचार करणारा मनुष्य विरळा.

चित्रपटांकडे वळताना प्रथम 'पिंजरा' (१९७२) घ्यावा लागतो, कारण लागूंचे नाव खेडोपाडी पोहोचले ते त्यामुळे. व्ही. शांताराम यांच्या या बोलपटाचा सांगाडा 'ब्ल्यू एंजल' या १९३० च्या जर्मन चित्रपटाचा आहे. एमिल यानिंग्स याने त्यातील शाळामास्तर अजरामर केला आहे. आपल्याकडचा मास्तर गावातून तमाशा हाकलतो, नाचणारणीच्या नादी लागतो, आणि अखेर तमाशाच्या फडात हरकाम्या होऊन राहतो. एका प्रेतास मास्तरांचे प्रेत समजून गाव त्यांचा पुतळा उभारते. आणि स्वतःच्याच खुनाचा आरोप अंगावर आला असता मास्तर मौन धरून फाशी जातो, कारण पुतळा टिकला पाहिजे. राम कदम यांच्या लावण्या आजही सर्वतोमुखी आहेत, आणि त्या खरोखर ठसकेबाज आहेत. पण कथेचा निवाडा आम्हांस मुळीच मान्य नाही. खोटा आदर्श उभा राहावा म्हणून खरा मनुष्य मरावा, हे तत्त्व या चित्रपटाने उदात्त म्हणून मांडले आहे. आमच्याच टापूत, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी, श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा एक ब्राह्मण होऊन गेला. तोही तमाशाच्या नादी लागला. जातगोत, घरदार सोडून फडात गेला, आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याने प्रायश्चित्त घेतले नाही की पुतळ्यासाठी मौन धरले नाही. त्याने लावण्या लिहिल्या. १९४५ साली तो विपन्नावस्थेत वारला, हे खरे. पण आपल्या नावाने वारला. चित्रपटातील मास्तराचे नावही श्रीधर असावे हा योगायोगच असेल, परंतु त्या दोन श्रीधरांना शेजारी उभे केले असता पडद्यावरचा लहान दिसतो. पुढे मूर्तिभंजक म्हणून नाव झालेल्या नटास पहिले मोठे यश मूर्ती जपण्यासाठी फाशी जाणाऱ्या मनुष्याच्या भूमिकेत मिळावे, हा दैवाचा विनोद म्हणावा, तर लागूंस दैव हा शब्दही आवडला नसता. त्यांचे काम यात निर्दोष आहे असेही नाही. पूर्वार्धातील कडक मास्तर ताठ आहे, आणि तो ताठपणा पात्राचा किती व रंगभूमीवरून नुकताच पडद्यावर आलेल्या नटाचा किती, हे ठरविणे कठीण जाते. पण तुणतुणे हाती आल्यावर, खांदे पडल्यावर, नजर जमिनीवर गेल्यावर त्यांनी जे केले आहे ते विसरता येत नाही.

'सामना' मात्र सर्वांगांनी सरस आहे. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, तेंडुलकरांचे लेखन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात तो दाखविला गेला. साखर कारखान्याचा सर्वसत्ताधीश हिंदुराव म्हणजे निळू फुले. आणि कोठून तरी गावात आलेला, दारूत बुडालेला मास्तर म्हणजे लागू. मारुती कांबळे नावाच्या मनुष्याचे काय झाले एवढाच एक प्रश्न हा मास्तर विचारीत राहतो. ज्या सातारा-सांगलीच्या शिवारात कारखान्याचा भोंगा हेच घड्याळ आहे, तेथील प्रेक्षकांस हिंदुरावाची ओळख करून द्यावी लागली नसेल. फुले यांचा अभिनय मातीतून उगवलेला, लागूंचा अभ्यासातून. एक खालच्या पट्टीत गोड बोलतो व अंगावर काटा येतो, दुसरा अडखळत बोलतो आणि त्यातच त्याचे धैर्य दिसते. सत्तेस एकाकी मनुष्याची भीती का वाटते, तो काही करू शकत नसतानाही का वाटते, याचा इतका मार्मिक खुलासा मराठी पडद्यावर दुसरा झालेला नाही. 'सिंहासन' (१९७९) मध्येही हे दोघे आहेत, पण तेथे पात्रे फार व वाटा थोडा.

हिंदी चित्रपटांविषयी थोडक्यात आटोपतो, कारण विषय सुखाचा नाही. शंभरांहून अधिक हिंदी चित्रपटांत त्यांनी कामे केली, व त्यांतील बहुसंख्य चित्रपटांत त्यांस वडील, वकील, डॉक्टर, न्यायाधीश याखेरीज दुसरे काही होऊ दिले नाही. दोष केवळ निर्मात्यांचा नव्हे. नटानेही नकार द्यावयास शिकले पाहिजे, आणि नकार देण्याइतका विचारी नट लागूंखेरीज कोण होता? 'घरौंदा' (१९७७) मधील आजारी धनिक हा अपवाद. त्यासाठी त्यांस फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले ते उचितच. 'गांधी' (१९८२) मध्ये गोपाळ कृष्ण गोखले म्हणून ते थोडाच वेळ दिसतात, पण गोखल्यांचा सौम्य अधिकार त्यांनी बरोबर पकडला आहे. मृणाल सेन यांचा 'एक दिन अचानक' (१९८९) हा तर फारच कमी लोकांनी पाहिला असेल. पावसाळी संध्याकाळी एक प्राध्यापक घराबाहेर पडतो व परत येत नाही. मागे राहिलेली बायकोमुले त्याच्याविषयी बोलत राहतात, आणि हळूहळू असे ध्यानात येते की, तो घरात होता तेव्हाही त्याला कोणी ओळखत नव्हते. दूरदर्शनवरील 'खानदान' या मालिकेने १९८५ साली त्यांस घरोघरच्या दिवाणखान्यांत नेले. तिच्याविषयी लिहिण्यासारखे आमच्याजवळ विशेष नाही.

दुसरा आक्षेप राहिला. आमच्या सांगलीच्या घरी एक आत्याबाई होत्या. दर एकादशीला त्या विठ्ठलमंदिरात जात, आणि लागूंचे नाव निघाले की "तो देव न मानणारा" असे म्हणून विषय तोडीत. त्याच आत्याबाईंनी 'देवकीनंदन गोपाला' हा गाडगेमहाराजांवरील चित्रपट तीनदा पाहिला होता, आणि तिन्ही वेळां पदर डोळ्यांस लावला होता. गाडगेबाबांचे काम कोणी केले आहे असे आम्ही एकदा त्यांस विचारले, तेव्हा त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "ते काम बाबांनीच करून घेतलं असेल." या उत्तरापुढे टीकाशास्त्राने काय बोलावे? परंतु आम्हांस विचाराल तर त्यात चमत्कार नव्हता. गाडगेबाबा नवससायास व पशुबळी यांवर कीर्तनांत तुटून पडत, लोकांस प्रश्न विचारून विचारून स्वतःच उत्तर द्यावयास लावीत. तो झाडू हाती घेतलेला बुद्धिवादीच होता. लागूंना त्या भूमिकेसाठी आपल्या मतांची वस्त्रे उतरवावी लागली नाहीत. गोधडी वर पांघरावी लागली इतकेच.

देवाविषयीची त्यांची मते आम्हांस सर्वस्वी पटतात असे नाही. ती मांडताना ते ज्या निःशंकपणे बोलत, तो निःशंकपणा त्यांच्या अभिनयात कधी दिसत नसे. तेथे ते शंकेस जागा ठेवीत. देव ही कल्पना कालबाह्य झाली असे त्यांचे म्हणणे. आणि व्यासपीठावर शेजारी बसलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत की, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाधर्मास नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणास आहे. विवेकजागराच्या कार्यक्रमांत दोघांनी हा मतभेद गावोगाव उघडपणे मांडला. एकाच बाजूच्या दोन माणसांनी श्रोत्यांसमोर परस्परांशी वाद घालावा व त्याच गाडीतून पुढच्या गावी जावे, हा देखावा आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ होय. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू, निळू फुले आदी नटांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसा उभा केला, तोही कार्यकर्त्यांच्या चरितार्थासाठी. त्या प्रहसनात लागू शोभले का, असे कोणी विचारील. विनोद हा त्यांचा प्रांत नव्हता, असे आमचे प्रामाणिक मत आहे. हसविण्यासाठी जो थोडा बेजबाबदारपणा अंगी लागतो, तो त्यांच्यापाशी नव्हता.

१९९९ साली, सत्तरी उलटल्यावर, मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी सॉक्रेटीस केला. प्रश्न विचारतो म्हणून ज्याला नगराने विष पाजले, त्याची ही कथा. 'सामना'तील मास्तर, गाडगेबाबा आणि हा ग्रीक म्हातारा यांच्यात रक्ताचे नाते आहे हे सांगावयास नको. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी दाभोलकरांचा पुण्यात गोळ्या घालून खून झाला. तेव्हा लागू ८५ वर्षांचे होते.

'लमाण' हे त्यांचे आत्मचरित्र २००४ साली निघाले. बैलांच्या पाठीवर माल लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणारा तो लमाण. माल त्याचा नव्हे. नट हा लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणारा, असा या नावाचा रोख आहे. पुस्तक नाटकांविषयी भरभरून बोलते व स्वतःविषयी हात आखडून. तरुण मुलगा अपघाती गेला, त्या दुःखास त्यांनी जाहीर विलापाचे रूप कधी दिले नाही, त्याच्या नावाने 'तन्वीर सन्मान' सुरू केला. नावातील विनय मात्र आम्हांस पुरता पटत नाही. लमाण माल उघडून पाहत नाही. लागू प्रत्येक गोणी सोडीत, दाणा तपासून घेत, किडका निवडून टाकीत, आणि मगच बैलावर लादीत. 'गिधाडे' व 'नटसम्राट' हे एकाच वर्षी एकाच पाठीवरून गेले, ते काय केवळ हमालीने?

ज्या कुटुंबांत लागूंची ओळख अद्याप व्हावयाची आहे, त्यांनी 'पिंजऱ्या'पासून आरंभ करू नये. मुले लावण्या पाठ करतील व मास्तरास विसरतील. 'सामना' आधी पाहावा, तोही मुले वादविवाद करण्याच्या वयाची झाल्यावर, आणि तो संपताच दिवा लावून लगेच पाने वाढावयास उठू नये. मारुती कांबळेचे काय झाले, हे मुलांनी विचारले म्हणजे आमच्या आत्याबाईंसारखे एखादे उत्तर देण्याचा मोह होईल, तेवढा आवरावा.